साडेएकवीस सेंटांचा घोळ: पेटी, तंबोरा आणि बावीस श्रुती

मंद्रसप्तक
सा पासून पंचमाच्या उड्या मारत निघा. सा वरून प, प वरून वरचा रे, रे वरून ध, ध वरून ग. चार उड्या झाल्या. आता हा ग दोन सप्तकं खाली आणा आणि तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधाराशेजारी ठेवा. दोन्ही जुळायला हवेत असं कुणालाही वाटेल. जुळत नाहीत. उड्या मारून आलेला ग चढा निघतो. कान कितीही तयार असला तरी हा फरक जात नाही, कारण तो अंकगणितातच आहे.

पंचम म्हणजे सा च्या ३/२ पट कंपनं. चार वेळा गुणलं की ८१/१६, दोन सप्तकं खाली आणलं की ८१/६४. खर्जाच्या तारेच्या पाचव्या स्वरांशातून (मूळ सुरात मिसळून येणाऱ्या, पाचपट कंपनांच्या बारीक सुरातून) येणारा गंधार ५/४, म्हणजे ८०/६४. ऐंशीला एक जास्त! या ८१/८० ला पाश्चात्त्य शास्त्रात सिंटॉनिक कॉमा म्हणतात. सेंटांत मोजला तर २१.५. (सेंट म्हणजे सप्तकाचे १२०० समान भाग, पेटीच्या दोन शेजारी पट्ट्यांत १०० सेंट. अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या स्वरसप्तकांवर निबंध लिहिला, तेव्हापासून हे माप रुळलं.)

पंचमांच्या बारा उड्या मारून सा वर परत यायला गेलात तर वेगळाच फरक पडतो, २३.५ सेंटांचा. तो पायथागोरसचा कॉमा. म्हणजे शुद्ध पंचमांनी वर्तुळ बंद होत नाही, आणि शुद्ध पंचमांतून शुद्ध गंधारही मिळत नाही. टेम्परामेंट नावाचा सगळा खटाटोप या दोन फरकांचं काय करायचं यासाठी आहे. कॉमा नाहीसा करता येत नाही, तो कुठे दडवायचा एवढंच आपल्या हातात.

युरोपनं तो बरीच शतकं एका कोपऱ्यात ढकलला. इटलीच्या पिएत्रो आरोननं १५२३ मध्ये वर्णन केलेल्या मीनटोन पद्धतीत प्रत्येक पंचम पाव कॉमा, म्हणजे ५.४ सेंट, उतरा ठेवतात. त्यामुळे गंधार अगदी शुद्ध येतात. पण सगळी थकबाकी शेवटच्या एका पंचमावर साचते आणि तो ७०२ ऐवजी तब्बल ७३८ सेंटांचा होतो. त्याला ते लांडगा म्हणत, कारण ऑर्गनवर तो अक्षरशः भुंकतो. पुढे बारा समान भाग आले. त्यात पंचम जेमतेम २ सेंट उतरा, पण गंधार १४ सेंट चढा. लांडगा गेला, आणि गंधार सगळीकडेच थोडा थोडा बिघडला.

आपल्याकडे ही वाटणी करायची गरजच नव्हती असं माझं म्हणणं आहे. आपला सा मैफल संपेपर्यंत हलत नाही. बारा वेगवेगळ्या सा वरून गायचंच नसेल तर कॉमा बाराजणांत वाटायचा कशाला? गरज पेटीनं आणली. पेटीवर आक्षेप घेणारे मींडेवर (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर) बोट ठेवतात, मला गंधाराचा हा मुद्दा जास्त मोठा वाटतो. तुम्हाला काय वाटतं? आणि बावीस श्रुतींचे (सप्तकातल्या बारीक स्वरांतरांचे) जे तक्ते फिरत असतात त्यांवर कितपत विसंबावं?

पांढरी_चार
धागा आवडला, पण माझ्यासारख्या माठाला सांगा, १४ सेंट ऐकू येतात का? मला तर पेटीचा गंधार आजवर कधी खटकला नाही.

मंद्रसप्तक
@पांढरी_चार, एकटा ग वाजवलात तर बहुतेकांना कळत नाही. सा बरोबर धरला की कळतो. हिशेबाला सोपा म्हणून सा २४० कंपनांचा घेऊ, काळी पाचच्या जरा वर. शुद्ध ग होईल ३००. सा चा पाचवा स्वरांश १२००, ग चा चौथा स्वरांशही १२००. दोन्ही एकमेकांत विरघळतात. समान बारा भागांतला ग मात्र ३०२.४ चा, त्याचा चौथा स्वरांश १२०९.५. १२०० आणि १२०९.५ एकत्र वाजले की सेकंदाला साडेनऊ लाटा. पेटीवर सा-ग दाबून धरल्यावर जी बारीक थरथर ऐकू येते ना, ती हीच. पंचमाला अशी लाट सेकंदाला एकसुद्धा पुरती पडत नाही, म्हणून पेटीचा सा-प गोड लागतो.

भाता
पेट्या दुरुस्त करणं हा आमच्या घरचा धंदा, म्हणून लिहितो. मंद्रसप्तकराव, आकडे बरोबर आहेत, पण आमच्या टेबलावर काय होतं तेही ऐका.

सूर म्हणजे पितळी पाती. पाती टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. घासताना पितळ तापतं, त्यामुळे लगेच ऐकलेला सूर खरा नसतो. थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग भाता मारून बघायचं. एकदा उडालेलं पितळ परत येत नाही म्हणून हात आखडता. खर्ज, नर असे पात्यांचे दोन-तीन संच असतील तर तेही आपापसांत जुळवायचे, नाहीतर एकच पट्टी दाबली तरी लाटा.

आणि एक गोष्ट तक्तेवाले कधीच सांगत नाहीत. भाता जोरात मारला की सूर किंचित उतरतो. हळू मारला की परत जागेवर. म्हणजे तुम्ही दशांश सेंटापर्यंत श्रुती लावून दिली तरी वाजवणाऱ्याच्या डाव्या हातानं ती इकडची तिकडे होते. दशांशाच्या पुढचे आकडे घेऊन येणारं गिऱ्हाईक आलं की मी चहा मागवतो.

पण १४ सेंटांची गोष्ट वेगळी. ती भात्यानं झाकत नाही. गायकाच्या साथीची पेटी असेल आणि सा पक्का ठरलेला असेल तर आम्ही गंधार ट्यूनिंग करून देतो. शुद्ध ग, ध, नि उतरवायचे, कोमल रे, ग, ध चढवायचे. तंबोऱ्यासोबत अशी पेटी वेगळीच लागते.

तिरकस
चला, श्रुतींचा वार्षिक धागा आला. मी जरा मिठाचा खडा टाकतो.

बावीस श्रुती मोजून, प्रत्येकीचं नाव लिहून, अपूर्णांक छापून भिंतीवर लावणारे खूप झाले. पण प्रत्यक्ष गाणं मोजलं की काय दिसतं? जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये नामवंत कलाकारांची ध्वनिमुद्रणं यंत्रावर घालून स्वर मोजले. मार्क लेव्ही यांनी १९८२ मध्ये तेच काम आणखी विस्तारानं केलं. दोघांनाही ठरलेल्या बावीस जागा सापडल्या नाहीत. एकाच रागातला एकच स्वर कलाकारागणिक हलतो, इतकंच काय, एकाच कलाकाराचा एकाच मैफलीतही हलतो. ज्या फरकावर तुम्ही घसा कोरडा करताय तेवढा तर स्वर लावतानाच आत-बाहेर होतो.

तेव्हा २१.५ सेंट हा गणिताचा आनंद आहे. गाण्यात तो शोधू नका.

अतिकोमल
@तिरकस, अर्धं पटलं. शिकवताना मी कधी अपूर्णांक काढत नाही, मला शिकवणाऱ्यांनीही काढला नव्हता. "चढव, अजून, हां, आता तिथं थांब," एवढीच त्यांची परिभाषा. दरबारीचा गंधार कितव्या श्रुतीवर असतो असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मला हसू येतं. तो आंदोलित स्वर आहे, खालून येतो, झुलतो, परत रिषभाकडे झुकतो. त्याला एका आकड्यावर खिळवलं तर दरबारी संपली.

पण म्हणून सगळेच स्वर मोकाट असतात असं नाही. भूपाचा गंधार लांबवून धरा, न्यासाचा, म्हणजे थांबायचा, स्वर आहे तो. तंबोरा नीट लागलेला असेल आणि जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झणकार) उघडी असेल, तर तो गंधार एका ठिकाणी गेला की तंबोरा त्याला ओढून घेतो. गळ्याला कळतं. थोडा चढा लावला की घर्षण होतं, आणि ते खोलीत बसलेल्या न शिकलेल्या माणसालाही कळतं, फक्त नाव देता येत नाही. मोजणाऱ्यांनी हलते आणि स्थिर स्वर एकाच सरासरीत घातले तर "काहीच ठरलेलं नाही" असंच उत्तर येणार.

देशकाराचा धैवत भूपापेक्षा चढा, हेही परंपरेनं सांगितलं जातं. गणितवाले त्याला २७/१६ आणि ५/३ म्हणतात. फरक बरोबर एका कॉमाचा. मी शिकवताना म्हणते, देशकारात धैवत वादी, म्हणजे मुख्य स्वर, आहे, त्याला ताठ उभा कर. मुलं आपोआप चढा लावतात.

पांढरी_चार
अतिकोमलताई, एक शंका. खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार येतो म्हणता. मग मालकंस गाताना तो नको असताना पण येतच राहणार ना? तिथे तर कोमल ग.

अतिकोमल
येतो की! ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. संसारात करतो तसंच. गंमत बाजूला, मालकंसाला पंचमाची तार मध्यमात लावतात तेव्हा तिच्या पाचव्या स्वरांशातून शुद्ध धैवतही डोकावतो, जो मालकंसात नाहीच. कान त्याला तंबोऱ्याच्या आवाजाचा रंग समजतो, स्वर समजत नाही. जवारीचा दोरा थोडा सरकवून आवाज किंचित बंद केला की दोघेही दबतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहिला होता, घोडीच्या त्या वक्र पाठीमुळे एरवी न ऐकू येणारे स्वरांश कसे उमटतात यावर. शोधून वाचा.

कृष्णाकाठ
सांगली-मिरजेचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही म्हणून आलो.

कृष्णाजी बल्लाळ देवल ('शारदा'वाले देवल वेगळे) हे आमच्या सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका काढली. तिच्यात तारेच्या लांब्या आणि कंपनसंख्या मोजून श्रुतींना अपूर्णांक दिले होते. गळा कुणाचा? अब्दुल करीम खाँसाहेबांचा. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे आयसीएस अधिकारी देवलांचे आकडे वाचून भारावले आणि त्यांनी लंडनच्या कारखान्यातून श्रुती हार्मोनियम बनवून आणली. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी मांडली गेली. संगीतशास्त्री भातखंडे तिथे होतेच. त्यांना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. आज जो वाद तिरकस आणि मंद्रसप्तक घालताहेत तोच तेव्हा फेटे-पगड्या घालून झाला होता.

देवलांचं श्रेय मात्र कमी करू नका. ग्रंथातल्या श्लोकांवरून काथ्याकूट करणारे शेकड्यांनी होते. तार ताणून, मोजपट्टी लावून, समोर गवई बसवून बघू म्हणणारा माणूस त्या काळात दुर्मीळ.

तिरकस
@कृष्णाकाठ, माहिती छान, पण त्यातच गोम आहे. खाँसाहेबांचा गळा आणि देवलांची तार. मोजणाऱ्याला आधीच माहीत असेल की इथे ५/४ यायला हवा, तर तो ५/४ आल्यावर मोजणं थांबवतो.

आणि मूळ भरतमुनींनी कुठे अपूर्णांक दिलेत?

मंद्रसप्तक
नाही दिले, आणि तीच तर नाट्यशास्त्रातली देखणी जागा आहे. जरा सविस्तर लिहितो.

दोन वीणा घ्या, अगदी एकसारख्या, दोन्ही षड्जग्रामात लावलेल्या (षड्जग्राम आणि मध्यमग्राम या तेव्हाच्या दोन मूळ स्वररचना). एक ध्रुव, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल. चल वीणेचा पंचम एवढाच उतरवा की मध्यमग्राम होईल, म्हणजे रिषभाशी त्याचा संवाद जुळेल. तो उतार म्हणजे प्रमाणश्रुती. आता बाकीचे सगळे स्वर त्या उतरलेल्या पंचमाला धरून पुन्हा षड्जग्रामात लावा. सगळी वीणा एक श्रुती खाली आली. पुन्हा उतरवा: चल वीणेचे ग आणि नि ध्रुव वीणेच्या रे आणि ध ला जाऊन मिळतात. तिसऱ्या वेळी रे आणि ध, सा आणि प ला मिळतात. चौथ्या वेळी प, म, सा हे म, ग, नि मध्ये. म्हणजे ग-नि दोन श्रुतींचे, रे-ध तीन श्रुतींचे, सा-म-प चार श्रुतींचे. बेरीज २२. सगळं कानानं, एकही संख्या न वापरता.

आता पहिला उतार कॉमाचा धरला तर पुढचे उतार तेवढेच येऊ शकत नाहीत, बेरीज जुळत नाही. बावीस समान कॉमे म्हणजे जेमतेम ४७३ सेंट, सप्तक भरत नाही. म्हणून श्रुती तीन मापांच्या मानाव्या लागतात: २१.५, ७०.७ आणि ९०.२ सेंट. पहिल्या मापाच्या दहा, दुसऱ्याच्या पाच, तिसऱ्याच्या सात. करा बेरीज, १२०० येते. चार श्रुतींचा स्वर २०४ सेंट, तीनचा १८२, दोनचा ११२.

यातलं काय माझ्या मते पक्कं आणि काय नाही तेही सांगतो. रे-प चा संवाद कानानं जुळवायचा आणि तो जुळवताना पंचम एका बारीक मापानं उतरतो, हे पक्कं. हे माप ८१/८० च, हा नंतरच्यांनी लावलेला अर्थ. मला तो पटतो, कारण शुद्ध पंचम आणि शुद्ध गंधार दोन्ही कानाला हवे असतील तर मध्ये नेमका तेवढाच फरक उरतो. पण त्यावरून आजच्या तोडीचा गंधार अमुक अपूर्णांकाचा असं ठोकून देणं म्हणजे भरतमुनींच्या नावावर स्वतःचं दुकान चालवणं. तिथे मी तिरकसच्या बाजूचा.

तिरकस
हे मी स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

त्रैराशिक
गणिताच्या मास्तरला हा धागा उशिरा दिसला. मंद्रसप्तकांनी दोन कॉमे सांगितले, २३.५ आणि २१.५. त्या दोघांत किती फरक? जवळपास २ सेंट, नेमका १.९५४. त्याला स्किस्मा म्हणतात. आता गंमत बघा. बारा समान भागांत पंचम किती उतरवावा लागतो? पायथागोरसच्या कॉमाचा बारावा भाग, म्हणजे १.९५५. दोन्ही आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जवळजवळ एकच, पण एक नाहीत. बाखचा शिष्य किर्नबर्गर याच्या हे लक्षात आलं होतं. बारा स्किस्मे आणि एक पायथागोरस कॉमा यांतला उरलेला फरक आज किर्नबर्गरचा अणू म्हणून ओळखला जातो. ०.०१५ सेंट! वरच्या २४० च्या सा शेजारी एवढ्याच फरकाचा दुसरा सूर धरलात तर एक लाट पुरी व्हायला जवळपास आठ मिनिटं लागतील. भाताराव, चहा दोन वेळा मागवावा लागेल.

दुसरं. पंचमाच्या बाराऐवजी ५३ उड्या मारल्या तर ३१ सप्तकांवर फक्त ३.६ सेंट जास्त येतात. चीनच्या जिंग फांगनं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच हे हिशेबानं काढलं होतं. म्हणून सप्तकाचे ५३ समान भाग केले तर एक भाग २२.६ सेंटांचा, जवळजवळ कॉमाच. पंचमात ३१ भाग, शुद्ध गंधारात १७. चूक गंधाराला दीड सेंटाच्या आत, पंचमाला नावापुरती. तुर्की संगीताच्या आजच्या शास्त्रात पूर्ण स्वर नऊ कोमांचा मानतात तो याच हिशेबानं. इंग्लंडमध्ये बोझांकेनं १८७० च्या दशकात अशी ५३ भागांची हार्मोनियम खरोखर बनवून घेतली होती, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

मुद्दा असा की ५३ मध्ये कॉमा ढळढळीत एक पायरी म्हणून शिल्लक राहतो, १२ मध्ये तो शून्य होतो. टेम्परामेंट म्हणजे कोणत्या बारीक फरकाला शून्य म्हणायचं याची निवड.

हेगकर
त्रैराशिक, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). ३१ भागांचं राहिलं म्हणून लिहितो, कारण ते आमच्या नेदरलँड्सचं. क्रिस्तियान हायगेन्स, तोच दुर्बिणीवाला आणि लंबकाच्या घड्याळाचा, त्यानं १६९१ मध्ये दाखवलं की सप्तकाचे ३१ समान भाग केले तर मीनटोनची सुधारलेली आवृत्ती मिळते आणि लांडगा पळतो. भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांनी त्यावरून ३१ स्वरांचा ऑर्गन बांधून घेतला, १९५० मध्ये हार्लेमच्या टेलर संग्रहालयात बसवला. आता तो अ‍ॅम्स्टरडॅमला संगीतभवनात आहे आणि त्याचे कार्यक्रम होतात. पट्ट्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या, पहिल्यांदा पाहिलं की गोंधळायला होतं. एका पायरीत ३९ सेंट. त्यावर साधा सा-ग-प धरला की आपल्या कानाला ओळखीचं वाटतं, कारण गंधार जवळजवळ स्वयंभूच. पंचम मात्र पाच सेंट उतरा, आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो लगेच टोचतो.

म्हणजे मंद्रसप्तकांचं म्हणणं उलट बाजूनंही लागू पडतं. युरोपनं पंचमाचा बळी देऊन गंधार वाचवला. आपल्याकडे तंबोऱ्यात पंचमाची तार आहे, त्यामुळे तो सौदा आपल्याला कधीच चालला नसता.

पांढरी_चार
सगळं डोक्यावरून जातंय, पण करून बघायचंय. माझ्या कीबोर्डवर प्रत्येक स्वर सेंटांत वर-खाली करायची सोय आहे. काय आकडे टाकू?

मंद्रसप्तक
सा पांढरी एक धरून: कोमल रे +१२, शुद्ध रे +४, कोमल ग +१६, शुद्ध ग -१४, शुद्ध म -२, तीव्र म -१०, प +२, कोमल ध +१४, शुद्ध ध -१६, शुद्ध नि -१२. कोमल नि दोन प्रकारे लावून बघा, -४ आणि +१८. पहिला मध्यमाचा सोबती, दुसरा पंचमाचा. मागे तंबोरा लावा आणि यमन वाजवा. मग सा न बदलता रे-ध एकदम दाबा.

पांढरी_चार
अरे बापरे! रे-ध दाबल्यावर स्पीकर बिघडला असं वाटलं. आईनं आतून विचारलं काय झालं.

मंद्रसप्तक
तो तुमचा लांडगा. रे +४ आणि ध -१६, म्हणजे पंचम ६८० सेंटांचा, बरोबर एक कॉमा कमी. यमनात रे-ध एकत्र धरायची वेळ येत नाही म्हणून गाण्यात तो दिसत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात येते, म्हणून त्यांना तो वाटून घ्यावा लागला.

कृष्णाकाठ
अवांतर: आकाशवाणीनं १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. तेव्हाचा एक आक्षेप हाच, पेटीचे स्वर आपल्या श्रुतींना सामावत नाहीत. आणि आता डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली आहे, हव्या त्या स्वराची चढी-उतरी श्रुती निवडून वाजवता येते. क्लेमेंट्स असता तर ठाण्याला जाऊन बघून आला असता.

पांढरी_चार
भातादादा, शेवटचा प्रश्न. आमच्या भजनी मंडळाची पेटी आहे, ती गंधार ट्यूनिंग करून घ्यावी का? सगळ्यांना तयार करतो.

भाता
मंडळात गाणारे किती आणि कुठल्या पट्टीत गातात ते आधी सांगा. बुवा काळी एकमध्ये, बायका काळी चार-पाचमध्ये, मग कोणी पाहुणा आला की पांढरी चार, असं असेल तर अजिबात करू नका. एका सा ला गोड लावलेली पेटी दुसऱ्या सा वर नेली की तुमच्या आईनं आतून विचारलं तेच पखवाजवाला विचारील. स्केल चेंजर असेल तर तोही उपाय नाही, त्यात पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत. मंडळाला सरळ बारा समान भागांची पेटी लावून घ्या. तुमच्या एकट्याच्या रियाजाला जुनी पेटी पडून असेल, तर ती घेऊन या, सा कुठला ते ठरवून.

पांढरी_चार
आजोबांची आहे एक, माळ्यावर. दोन सूर बोलत नाहीत.

भाता
पातीत कचरा अडकला असेल. घासू-बिसू नका काही, तशीच आणा.